रेवाच्या बारा पट्ट्या

चाळिसाव्या दिवशी सकाळी आईने माझ्या कानांतले कापसाचे बोळे काढले, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल सोडला आणि माझा मोबाइल माझ्या हातात ठेवला.

"घे. पण फार वेळ डोळे लावून बसू नकोस. बाळंतिणीचे डोळे कच्चे असतात."

साल दोन हजार एकेचाळीस. आमच्या कराडात औषधांची पाकिटं गच्चीवर उडत येऊन उतरतात. माझ्या तासाला आठवीची मुलं डोळ्यांना चष्मे लावून पेशीच्या आत फिरून येतात. पण बाळंतिणीने सव्वा महिना वाचायचं नाही आणि पडद्याकडे बघायचं नाही, हा नियम अजून कुठल्याही सरकारला हलवता आलेला नाही. मी विज्ञान शिकवते. हट्ट केला असता तर आईला गप्प बसवता आलं असतं. पण पोटावर टाके, दोन्ही कुशींत एकेक बाळ, शेकाची ऊब आणि वेळच्या वेळी हातात येणारा डिंकाचा लाडू. खरं सांगायचं तर तो नियम मला तेव्हा फार सोयीचा वाटला. चाळीस दिवस मी अगदी मजेत आंधळी होऊन पडले होते.

मोबाइल हातात येताच मी आधी 'अंकुर' उघडलं. सरकारी योजना आहे, प्रत्येक नव्या बाळाची नोंद त्यात असते. माझ्या जुळ्यांची नावं एकाखाली एक होती. शौनकपुढे हिरवं वर्तुळ आणि 'तालीम उत्तम' असा शेरा. रेवापुढे राखाडी वर्तुळ. त्याखाली लिहिलं होतं, 'शमन दिले, दिवस अठ्ठावीस. पुढील तपासणी चार महिन्यांनी.'

मी ते तीनदा वाचलं. मग मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. अक्षरं तीच होती.

"आई, रेवाला शमन कुणी दिलं?"

आई लंगोटांच्या घड्या घालत होती. घडी घातलेलाच लंगोट तिने मोडला आणि पुन्हा घालायला घेतला.

"ती केंद्रातली शेलारताई येऊन टोचून गेली ना मागे. लस."

"ती लस नव्हती, आई."

माझा संताप समजायचा तर इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल. आठवीच्या मुलांना सांगते तसंच सांगते. माणूस बाराव्या-तेराव्या वर्षी वयात येतो असं आपण धरून चालतो. पण शरीर त्याची एक तालीम फार आधी, अगदी लंगोटातच उरकून घेतं. बाळ पोटात असताना वारेतून येणारी हॉर्मोन्स त्याच्या मेंदूला गप्प ठेवतात. जन्म झाला, वार सुटली, की काही दिवसांतच तो लगाम ढिला होतो आणि मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी जागी होते. दोन महिन्यांच्या मुलाच्या रक्तात पुरुषी हॉर्मोन जवळपास मिसरूड फुटू लागलेल्या पोराइतकं चढतं. मुलींमध्ये दुसरं एक हॉर्मोन वरचढ असतं, ते अंडाशयातल्या बीजांना चाळवतं. मुलांची ही तालीम सहाएक महिन्यांत आटपते, मुलींची वर्ष-दोन वर्षं रेंगाळते. मग सगळं दहा वर्षं झोपी जातं. एवढं तर गेल्या शतकापासून ठाऊक होतं.

नवं कळलं ते दोन हजार चौतीस साली. या तालमीवरून पुढे काय होणार ते सांगता येतं, आणि तालीम मंद असेल तर ती बाहेरून करवूनही घेता येते. लंगोटात ठेवायची बोटभर पट्टी निघाली. बाळाने शू केली, पट्टी मोबाइलसमोर धरली, की आकडा समोर. प्रत्येक बाळाला त्याच्या नावाच्या बारा पट्ट्या मिळतात, दिवसाआड एक याप्रमाणे चोवीस दिवस पुरणाऱ्या. आकडे कमी आले तर बाळाच्या काखेखाली मसुराएवढा पंप बसवतात, तो गरजेची हॉर्मोन्स थेंबथेंब सोडतो. आणि मुलीच्या पट्टीत पुरुषी हॉर्मोन निघालं, तर ते थोपवायला शमन. एकच इंजेक्शन, पण ते पीयूषिकेला तीन महिने झोपवून ठेवतं. एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही.

मुलींच्या बाबतीत तालमीचा मुख्य भाग साठाव्या दिवसापर्यंत व्हावा लागतो. त्या आत तो झाला नाही, तर पुढे पाळी नीट येईल का, मूल होईल का, याची खात्री जगातला कुणीही डॉक्टर देत नाही.

रेवाचा आज चाळिसावा दिवस होता.

मी तिचे आकडे उघडले. बारा नोंदी. आणि बाराही नोंदींत पुरुषी हॉर्मोन, तेही थोडंथोडकं नव्हे, चांगलं चढतं.  रेवा शेजारी झोपली होती, एक मूठ गालाखाली दाबून. माझ्या मुलीला हे काय झालंय, आणि चाळीस दिवस मी लाडू खात पडून राहिले!

मग माझी नजर एका ठिकाणी अडकली. आकडे चढत चालले होते, मध्येच एकोणीस ते एकवीस या दिवसांत एकदम खाली आले होते आणि नंतर पुन्हा चढले होते. त्या तीन दिवसांत शौनकला जुलाब झाले होते. ते माझ्या चांगलं लक्षात होतं, कारण तो दूध ओढत नव्हता आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. रेवाला काहीही झालं नव्हतं.

मी कपाटातून आलेखवही काढली. शौनकचे बारा आकडे, चौथ्या दिवसापासून एक दिवस सोडून आलेले, टिंबांनी मांडले. त्याच चौकटीत रेवाचे, मधल्या दिवसांचे बारा मांडले. चोवीस टिंबं जोडली तर एकच सलग रेघ निघाली. एकही टिंब तिच्या बाहेर नव्हतं. दोन बाळांच्या दोन रेघा यायला हव्या होत्या, आणि ही तर एकट्या मुलाची रेघ होती.

मी वही आईसमोर धरली. तिला आलेखातलं काही कळत नाही, पण माझा चेहरा कळला.

"पहिलाच आकडा कमी, पिवळा आला गं शौनकचा," ती हळूच म्हणाली. "चौथ्या दिवशी. विहीणबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांच्या भावाच्या नातवाला पंप बसवावा लागला होता ना. म्हणाल्या, उद्या परत बघा. मी म्हटलं, त्याची पुढची पट्टी परवाशिवाय चालत नाही. तर म्हणाल्या, रेवाच्या आहेत की मधल्या दिवसांच्या. त्या लावा त्याला."

"आणि तू लावल्यास."

"जावयाची आई आहे ती! तिला नाही कसं म्हणू? लग्नात पाय धुतलेत मी त्यांचे."

"बाराच्या बारा?"

"एकदा आकडा सांगितल्यावर रोजच विचारायला लागल्या. सकाळी आठला फोन, काय म्हणतोय आमचा वाघ म्हणून."

"म्हणजे रेवाची एकदाही तपासणी झाली नाही?"

"ती बरी होती गं. दूध प्यायची, झोपायची. म्हटलं पोरीचं काय बघायचंय एवढं..." असं म्हणता म्हणता आईने पदर तोंडाशी नेला.

माझ्याच खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर ती लंगोट बदलत होती. पट्ट्यांवरची नावं बारीक अक्षरांत, आणि मला तर वाचायचंच नव्हतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

"इंजेक्शन द्यायला शेलारताई आल्या, तेव्हा तरी तुला कळलं असेल ना?"

"कळलं. तिने वाचून दाखवलं, मुलीत पुरुषी हॉर्मोन आहे म्हणून.  मी स्वयंपाकघरात जाऊन विहीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आता तोंड उघडलंत तर पट्ट्यांत फेरफार केला असं ठरेल, शौनकचा हिरवा दाखला जाईल आणि केस तुमच्यावर होईल. टोचू दे, तीन महिन्यांनी उतरतं म्हणाल्या."

"आणि सही?"

"सुजयरावांनी केली. पुण्याहून, मोबाइलवर."

मला तो दिवस आठवला. रेवा कळवळून रडत होती आणि तिच्या मांडीवर ओली घडी ठेवून मीच तिला म्हणत होते, झालं झालं, लस शहाण्या बाळालाच देतात. पुढच्या आठवड्यात तेल लावायला येणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं बगा, पोरीच्या छातीवरची गाठ आपसूक बसली. म्या दाबणारच हुते, तुमी दाबू दिली न्हाय." नव्या बाळांच्या छातीला अशी बारीक सूज असते. ती याच हॉर्मोन्सची खूण. ती बसली म्हणून मीसुद्धा समाधानाने हसले होते.

मी नवऱ्याला, सुजयला, व्हिडिओ फोन लावला. माझा चेहरा बघताच त्याने ओळखलं असावं, कारण त्याने 'कशी आहेस' असं विचारलंच नाही.

"तुला माहीत होतं?"

"सही करताना कळलं," तो म्हणाला. "आईने सांगितलं. शाल्मली, शेलारताई दारात उभ्या होत्या, दहा मिनिटांत ठरवायचं होतं."

"दहा मिनिटांत नाही म्हणता येतं. एका सेकंदात म्हणता येतं!"

"दोघांचेही दाखले गेले असते. पाळणाघरापासून विम्यापर्यंत सगळे हिरवा दाखला मागतात. रेवाचं पुढे बघू असं ठरवलं होतं आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

त्याच्यामागून सासूबाई पुढे आल्या. त्या वाईट बाई नाहीत. लग्नानंतर मला पुढच्या शिक्षणाला पाठवलं ते त्यांनीच, बाळंतपणासाठी साजूक तुपाचे दोन डबे पाठवले ते त्यांनीच. म्हणूनच त्यांचं बोलणं ऐकून मला जास्त धक्का बसला.

"हे बघ शाल्मली, झालं ते झालं. तुझ्या आईला कोर्टात उभं करणार आहेस का तू? आणि मुलीचं एवढं काय मनाला लावून घेतेस? हल्ली कितीतरी मुली आम्हाला मूलच नको म्हणतात."

"तसं म्हणायचं असेल तर ते रेवाने म्हणायचं, आई. तुम्ही तिच्या वतीने अठ्ठाविसाव्या दिवशीच म्हणून मोकळ्या झालात."

सुजय काहीतरी बोलू लागला होता. मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी आम्ही रिक्षाने अंकुर केंद्रात गेलो. रेवा माझ्याकडे, शौनक आईकडे.  उतरताना आई म्हणाली, "तुला जे खरं वाटेल ते सांग. माझा विचार करू नकोस." मला तिचा विचार येतच होता. सहासष्ट वर्षांची बाई, साध्या रेशन दुकानात रांग मोडायलाही जिला भीती वाटते, तिला फेरफाराच्या कलमाखाली उभं करायचं. आणि नाही करायचं, तर माझ्या मुलीचे राहिलेले एकोणीस दिवस निघून जाऊ द्यायचे. दोन्हींच्या मध्ये तिसरं काही मला सापडत नव्हतं.

केंद्राचा बाहेरचा हॉल बायकांनी गच्च भरला होता. प्रत्येकीच्या मांडीवर बाळ, शेजारी आई नाहीतर सासू. भिंतीवर मोठं पत्रक लावलेलं होतं, 'सह्याद्री कन्यालक्षण. घाबरू नका, वेळेत शमन घ्या. तपासणी दर बुधवारी.' मी एकेका बाळाच्या मांडीकडे पाहिलं. सगळ्यांच्या उजव्या मांडीवर तीच गोल चिकटपट्टी, नाहीतर ती काढल्याची खूण. सगळ्या मुली होत्या. 

डॉक्टर हेरवाडकर पन्नाशीचे, मऊ आवाजाचे, झोप पुरी न झालेले गृहस्थ होते. जिल्ह्यातल्या सगळ्या शमनांवर त्यांचीच सही असते.

"घाबरू नका," ते म्हणाले. "तुमची मुलगी एकटी नाही. चार जिल्ह्यांत मिळून एकोणीसशे मुली आहेत अशा. गुणसूत्रांची तपासणी यायला दोन महिने लागतात, तेवढं थांबता येत नाही, म्हणून इंजेक्शन आधी देतो. पण अहवाल येतात ते सगळे मुलीचेच. बाकी शरीर उत्तम. फक्त लघवीत पुरुषी हॉर्मोन. जगात दुसरीकडे कुठेही हे आढळलेलं नाही. मीच पहिल्यांदा लिहिलं त्यावर." थकलेल्या चेहऱ्यावर थोडा अभिमान आला. तो स्वाभाविक होता.

"डॉक्टर, माझ्या मुलीला हे लक्षण नाही. तिच्या पट्ट्या तिच्या भावाला लावल्या होत्या."

त्यांनी चष्मा वर केला. मग कपाटातून नवी पट्टी काढून रेवाच्या लंगोटात ठेवली. आम्ही तिघं वाट बघत बसलो. वीस मिनिटांनी रेवाने कृपा केली. पट्टी मोबाइलसमोर धरली तर सगळी हॉर्मोन्स जवळपास शून्यावर.

"बघा! पुरुषी हॉर्मोन नाहीच," मी म्हणाले.

"नसणारच. शमन लागू पडलंय. यावरून ते आधी नव्हतं असं कसं म्हणता येईल?"

 माणसाचं म्हणणं बिनचूक होतं. ज्या तपासणीने माझी मुलगी धडधाकट ठरली असती, ती तपासणी त्याच इंजेक्शनने पुसून टाकली होती. मग मी पिशवीतून आलेखवही काढली आणि ती चोवीस टिंबांची रेघ त्यांच्यापुढे ठेवली.

"जुळी आहेत. साम्य असणारच," ते म्हणाले, पण वही हातात घेऊन.

"हा मधला खड्डा बघा. एकोणीस ते एकवीस. तेव्हा जुलाब शौनकला झाले होते, त्याची नोंद तुमच्याच 'अंकुर'मध्ये आहे. रेवाला काही नव्हतं. मग तिची रेघ त्याच दिवशी का खाली येते?"

त्यांनी त्या खड्ड्यावर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"डॉक्टर, या एकोणीसशे मुलींपैकी किती जणींच्या घरात लहान मुलगा आहे? सख्खा असं नाही. मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ, कुणीही. त्याच वेळी पट्ट्या चालू असलेला."

"असं कुणी कधी विचारलेलं नाही."

"मी विचारतेय."

त्यांनी पत्ते जुळवायला लावले. यंत्राला त्यासाठी चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. अठराशे सहासष्ट जणींच्या घरात. उरलेल्या चौतीस मुलींच्या शेजारच्या घरात. दोघी बहिणी एकाच वेळी माहेरी बाळंतपणाला आलेल्या, दोघी जावा एकाच महिन्यात बाळंत झालेल्या, भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्यासमोर उतरला. सहा वर्षं ते मुलींमध्ये एक आजार शोधत होते, आणि त्यांच्या यंत्रासमोर धरलेली शू मुलांची होती.

"हे मी कागदावर कसं आणू?" ते जवळजवळ स्वतःशीच बोलले. "सहा वर्षांत एकाही घराने असा जबाब दिलेला नाही. एकही नाही."

"जबाब मिळाला तर रेवाला पंप बसवाल?"

"हो. पंप पीयूषिकेला वगळून थेट अंडाशयाला हॉर्मोन देतो, त्यामुळे शमन चालू असलं तरी चालतं. तालीम अजून होऊ शकते. फक्त पंपात घालायची मुलींची कुपी पुण्याहून मागवावी लागेल. दोन दिवस."

"इथे नाही?"

"मुलांच्या आहेत, दोन कपाटं भरून. मुलींची कुपी या केंद्रात कधी मागवायची वेळच आली नाही. एकाही मुलीची तालीम मंद असल्याचं कधी..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. मुलींच्या पट्ट्यांत मुलीच नव्हत्या, तर मंद कोण निघणार? या सहा वर्षांत ज्या मुलींना खरोखर पंपाची गरज होती त्यांची पोटं आत गुपचूप मिटत गेली असतील आणि घरात पोरं हिरवी आली म्हणून पेढे वाटले गेले असतील. 

त्यांनी जबाबाचा कागद पुढे केला. पहिल्या तीन ओळी मी भरभर लिहिल्या. चौथी ओळ होती, 'फेरफार करणाऱ्या व्यक्तीचे नाव व बाळाशी नाते'. माझा हात तिथे थांबला. मला खोटं लिहायचं नव्हतं. खरंही लिहायचं नव्हतं. शौनक आईच्या खांद्यावर उचक्या देत होता.

आईने उठून माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं, शौनकला त्या रिकाम्या हातावर ठेवलं आणि कागद स्वतःकडे ओढला. शाळेत घोटवून घेतलेल्या गोल अक्षरांत तिने लिहिलं, 'मंदाकिनी वसंत फडतरे, आजी.'

"आई, आणि सासूबाईंचं नाव?"

"त्यांनी सांगितलं. लावल्या मी," आई म्हणाली. सही करून तिने डॉक्टरांना विचारलं, "साहेब, या एका कागदावर बाकीच्या पोरींचं होईल का?"

"नाही, मावशी. प्रत्येक घराचा वेगळा जबाब लागतो."

आईने पदर खोचला. तिला आवाज चढवून बोलताना मी कधी पाहिलेलं नाही. घरातला गॅस संपला तरी शेजारणीकडे कुजबुजत जाणारी बाई ती. तीच दार उघडून बाहेर गेली आणि त्या भरल्या हॉलच्या मधोमध उभी राहिली. मी दोन्ही बाळांना घेऊन तिच्यामागे गेले आणि दाराजवळच्या बाकावर टेकले.

"ऐका गं बायांनो," आई म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत होता. "माझ्या नातीला काही आजार नव्हता. नातवाचे आकडे रोज बघायचे म्हणून तिच्या पट्ट्या मी त्याला लावल्या. बाराच्या बारा. म्हणून तिला हे इंजेक्शन बसलं. आत्ता आत कागदावर लिहून दिलंय मी. पट्ट्या खऱ्या असत्या तर ही पोरगी आज इथे नसती. अजून वेळ गेलेली नाही, हे डॉक्टर दुसरं औषध देतात. तुमच्यात आणखी कुणी असं केलंय का?"

 एक बाळ चुटूचुटू अंगठा चोखत होतं, तेवढाच आवाज.

हात एकीनेही वर केला नाही. पण मी बघत होते. प्रत्येक बाकावरच्या म्हाताऱ्या बाईची मान खाली गेली. एकीने चपलेचा अंगठा चाचपायला घेतला, एकीने बाळाचं टोपरं सारखं केलं, एक उठून पाणी प्यायला निघाली आणि निघता निघता पुन्हा बसली. आणि तरण्या आया, माझ्यासारख्याच नुकत्याच खोलीबाहेर आलेल्या, कानाला अजून रुमाल बांधलेल्या, चाळीस दिवस पडद्याकडे न बघितलेल्या, त्या एकेक करून आपल्या शेजारी बसलेल्या बाईकडे वळून बघू लागल्या.

"आई," खिडकीजवळची एक जण म्हणाली, "आपल्या छकुलीच्या पट्ट्या तुम्हीच लावत होता ना?"

तिची सासू दुपट्याची घडी घालू लागली.

"अहो आई, मी विचारतेय तुम्हाला."

"आवं, आमच्या पोराला ताप हुता..." दुसरीच कुणीतरी, पलीकडच्या बाकावरची, न विचारता बोलून गेली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तिच्या सुनेने बाळ छातीशी घट्ट धरलं आणि ती बाकावरून सरकून लांब झाली.

मला वाटलं होतं, मला आनंद होईल. झाला नाही. पायांखालची फरशी गार होती, एवढंच कळत होतं. आई येऊन माझ्या शेजारी बसली आणि तिने शौनकला घेतलं. मी तिच्या कोपराखाली माझा हात लावला. कालपासून पहिल्यांदाच मी तिला शिवले.

डॉक्टर दारात उभे होते. कानाला फोन होता, पुण्याच्या भांडाराला लावलेला.

"कुप्या हव्यात," ते म्हणाले. "नाही, मुलांच्या नकोत. मुलींच्या. हो, मुलींच्याच म्हणतोय मी. उद्या सकाळपर्यंत पोहोचल्या पाहिजेत."

पलीकडून 'किती' असं विचारलं असावं. त्यांनी फोन खाली घेतला, हॉलकडे पाहिलं आणि बोटाने हवेत मोजायला लागले. सुरुवात त्यांनी माझ्या मांडीवरच्या रेवापासून केली.